शेजारच्या सीटचं वजन

गाडी जुनी झाली की माणूस ती विकतो. माणूस जुना झाला की तो गाडी सुधारायला घेतो. जपानमधल्या आमच्या तोचिगीच्या जिमखाना मंडळाची स्थापना याच तत्त्वावर झाली. (जिमखाना म्हणजे पत्ते कुटायची जागा नव्हे. तिथे निदान गप्पा होतात.) दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, डोंगरावरच्या बंद पडलेल्या स्की-मैदानाच्या वाहनतळावर आम्ही रबरी शंकू मांडतो आणि पंचवीस वर्षं जुन्या गाड्या एकेक करून त्यांच्यामधून पळवतो. अंतर नऊशे मीटर. वेळ नोंदवायचं काम माझ्याकडे आहे.

कुरामोची नोरिफुमी हे मंडळाचे आदर्श सभासद. नगरपालिकेच्या पाणीखात्यात नोकरी, वय एकोणपन्नास. सहा वर्षांत त्यांनी गाडीतून रेडिओ, गालिचा, एसी आणि मागची सीट काढून टाकली; शेजारची सीट तर पहिल्याच महिन्यात गेली होती. गाडी एकशे चार किलोंनी हलकी झाली. (याच काळात कुरामोची चौदा किलोंनी भरले, पण ते सुट्या भागांत मोडत नाहीत.) पहिल्या वर्षी त्यांची वेळ एक मिनिट चौदा पूर्णांक दोन सेकंद होती. सहाव्या वर्षी चौदा पूर्णांक एक. वार्षिक सभेत टाळ्या पडल्या. त्यांच्या पत्नी मित्सुए या सहा वर्षांत कुठे गेल्या असतील तर बसने गेल्या.

मे महिन्यात सरकारी तपासणी आली. तपासणीला गाडी कारखान्यातून निघाली तशी लागते, म्हणून काढलेलं सगळं त्यांनी शुक्रवारी परत बसवून तपासणी उरकली. शनिवारी शहरातली मोठी जलवाहिनी फुटली, त्यामुळे ते पुन्हा काढायला वेळ मिळाला नाही. रविवारी सकाळी मित्सुएबाईंनी गाडीत सीट पाहिली आणि डबा मांडीवर घेऊन बसल्या.

"सोफा घेऊन आलात वाटतं, कुरामोचीसान!" आमचे चिटणीस हिरुकावा म्हणाले. कुरामोचींनी मान खाली घातली.

मित्सुएबाई उतरेनात. "सहा वर्षांनी जागा मिळालीय. मी नाही उतरणार." नियमावलीत शेजारी माणूस बसवायला मनाई नाही. (आजवर कुणी बसवलाच नव्हता.) मी त्यांना माझं हेल्मेट दिलं.

काचा खाली होत्या, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं.

"अहो, हळू! डब्यात सूप आहे!"

"अगं, स्पर्धा आहे ही!"

"स्पर्धा तुमची, कपडे माझे! वळणाच्या आधी दाबा तो ब्रेक, वळताना नाही. हं, अस्सं. आता सोडा."

एकही टायर किंचाळला नाही. शेवटच्या शंकूपाशी मित्सुएबाई चक्क हसत होत्या. आणि नोंद ठेवणं माझं कामच आहे म्हणून सांगतो, कुरामोचीही हसत होते.

एक मिनिट अकरा पूर्णांक सहा.

मी आकडा वाचला आणि कुरामोचींचा चेहरा उतरला. "घड्याळ बिघडलंय," ते म्हणाले. मी दुसरं घड्याळ दाखवलं. "मग वाऱ्यामुळे झालं असेल." झाडाचं पानही हलत नव्हतं. "अगं, उतर खाली."

चाळीस मिनिटांत त्यांनी सीटा आणि गालिचा काढून डांबरावर ठेवला. मित्सुएबाई डबा धरून बाजूला उभ्या होत्या.

"दोन घास खाऊन तरी घ्या."

"वजन वाढेल!"

दुसऱ्या फेरीत टायर किंचाळले, दोन शंकू उडाले आणि वेळ आली एक मिनिट चौदा पूर्णांक एक. "बघा! म्हटलं नव्हतं?" कुरामोची आनंदाने ओरडले. त्यांची सहा वर्षं वाचली.

समितीने सखोल चौकशी करून निष्कर्ष काढला की, डाव्या बाजूला साधारण बावन्न किलो भार असणे लाभदायक आहे. (नेमका आकडा मित्सुएबाईंनी दिला नाही. चिटणिसांनी दोनदा विचारलं.) जूनच्या स्पर्धेला अकरा सभासद शेजारी तांदळाची पोती पट्ट्याने आवळून आले. कुणाचीच वेळ सुधारली नाही. पोतं ब्रेक कधी दाबायचा ते सांगत नाही, ही बाब इतिवृत्तात यायची राहून गेली.

आता सुज्ञ वाचकांच्या मनात काही शंका आल्या असतील: गाडी कुठल्या कंपनीची, टायर कोणते, सीट काढायला चाळीस मिनिटं कशी पुरतात. त्यांची उत्तरं टपालाने पाठवू. बाकी, सीटा निघाल्यावर मित्सुएबाई त्या रविवारी घरी कशा गेल्या (बसथांबा डोंगराखाली, सहा किलोमीटरवर आहे) हे आम्हा तेवीस जणांपैकी कुणीही विचारलं नाही.

तुम्हीही विचारलं नाहीत. सभासदत्वाचा अर्ज सोबत जोडला आहे.