मागच्या सीटवरचं लायसन

समाधान मोटारसायकल डोळे मिटून चालवायचा. असं तो स्वतःच सांगायचा! धाग्याच्या कारखान्यातल्या कॅन्टीनमध्ये, आमली भागातल्या पानटपरीवर, कुठंही! "पारोळ्याहून सिल्वासाला आलो तो ह्याच गाडीवर. लायसन? वाघ कधी शिकारीचा परवाना काढतो का!"

हा वाघ अडला घरच्या उंबऱ्यावर. गुड्डी पहिलीत गेली, शाळा लांब निघाली, आणि बायकोनं, मंजुषानं, दारात हात आडवा घातला.

"अहो, मी बसते तुमच्या मागं, ते माझं नशीब. पण लायसन आल्याशिवाय पोरगी गाडीवर बसणार नाही!"

"एवढंच ना? समज, खिशात आलं!"

शिकाऊ लायसन निघालं, परीक्षेचा दिवस उजाडला. मंजुषाही बघायला आली. मैदानावर चुन्यानं भला मोठा इंग्रजी आठ आखलेला. इन्स्पेक्टरसाहेब गाडीभोवती फिरले आणि थबकले.

"भाई, शीशे कहाँ गए?"

"डावा घरी खिळ्याला आहे साहेब, दाढीसाठी. उजव्यात ही टिकली लावते."

साहेबांनी कपाळाला हात लावला. समाधान टोकरखाड्याला घरी जाऊन दोन्ही आरसे घेऊन आला. एकावर साबणाचा फेस, दुसऱ्यावर टिकल्यांची रांग!

झाली परीक्षा सुरू. गडी सवयीनं डाव्या आरशात बघतो, तर हनुवटीखाली दाढीचे चार केस राहिलेले! चाचपायला एक हात सुटला, गाडी आठ सोडून निघाली ती थेट साहेबांच्या खुर्चीकडं. साहेबांनी या वयात अशी उडी मारली की बेडकानं शिकवणी लावावी!

"साहेब, गाडी हलकी लागतेय हो! मंजुषा मागं बसली की बरोबर चालते."

साहेबांनाही गंमत वाटली. "बिठाओ!"

मंजुषा पदर खोचून बसली.

"हळू... आता वळा... अहो, पाय वर घ्या! मागं कुणी नाही, मी बघितलंय. हात मी दाखवते. ब्रेक! ब्रेक म्हणते ना!"

रांगोळीसारखा आठ उमटला! रांगेतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. समाधाननं कॉलर ताठ केली. "बघितलंत साहेब?"

"देखा. तू सचमुच आँख बंद करके चलाता है! आँखें तो पीछे बैठी हैं।"

नापास! समाधान हसण्यावारी न्यायला गेला. मंजुषा मात्र हसली नाही. तिनं शिकाऊ लायसन काढलं आणि दर रविवारी बंद कारखान्यांच्या मोकळ्या रस्त्यावर गाडी शिकली. मागं शेजारची लायसनवाली कावेरी. मग परीक्षा दिली आणि पहिल्याच फटक्यात पास! समाधान त्याच दिवशी पुन्हा नापास.

सोमवारी मंजुषानं गुड्डीला हेल्मेट घातलं, पट्टा आवळला, पोरीला मागं बसवलं आणि किक मारली. इस्त्रीचा शर्ट घालून समाधान गुड्डीच्या मागं टांग टाकायला लागला.

"उतरा!"

"का?"

"तिघं बसत नाहीत गाडीवर. नियम आहे."

"अन् मी कसा येऊ?"

"चालत या की. डोळे उघडे ठेवून!"

गेली गाडी भुर्रकन! समाधान पायी निघाला. वळण आलं तसा सवयीनं थांबला. 'आता वळा' असं कुणी म्हणेना. शेवटी बिचाऱ्यानं आयुष्यात पहिल्यांदा स्वतः मान वळवून मागं पाहिलं आणि उजवा हात लांब केला.

मागून म्हैस येत होती. ती थांबली!

खोटं वाटत असेल तर जाऊन म्हशीला विचारा. समाधानला विचारू नका. तो सांगेल, पुढच्या परीक्षेला तिलाच मागं बसवतो!