अनुराधाचं उड्डाण

शारजात कितव्याही मजल्यावर एसी दोरीनं चढवायचा असेल, तर माझ्यासारखा कॉन्ट्रॅक्टर नाही! वस्तू नुसती बघायची आणि वजन सांगायचं. नंतर खुशाल काट्यावर ठेवा, किलोचा फरक निघायचा नाही.

म्हणून इथल्या मराठी मंडळाच्या २००१ च्या दिवाळीच्या कार्यक्रमात मला उडायचंय असं बायको म्हणाली, तेव्हा मी हसलोच. "एवढंच ना? खलास!"

निमित्त झालं एका चिनी सिनेमाचं. व्हीसीडी मीच आणली होती, मारामारी बघायला. तर त्यात एक मुलगी तलवार घेऊन बांबूच्या शेंड्यावर उभी! बांबू वाकला की तीही वाकते, सगळीकडे हिरवंगार आणि मधे तिची पांढरी बाही लहरतेय. मारामारी कधी संपली, कळलंसुद्धा नाही.

"अहो, हे भांडत नाहीयेत, नाचतायत," अनुराधा म्हणाली. डोळ्यांत पाणी! साताऱ्यात कथक शिकलेली बाई. इथे आल्यापासून बारा वर्षं घुंगरू बॅगेत पडून.

"आई, इट्स जस्ट वायर्स," आमची मिहिका.

"असू देत. मला एकदा तसं हलकं होऊन नाचायचंय."

झालं! दिवाळीत मंडळाच्या हॉलच्या छताला कप्पी लावली. दोरीच्या एका टोकाला सेफ्टी बेल्टमध्ये अनुराधा, दुसऱ्या टोकाला तिच्या वजनाइतक्या वाळूच्या पिशव्या, पाच-पाच किलोच्या. दोरी माझ्या फोरमनच्या, मुनीरच्या हातात.

"साहब, भाभी का वजन एक बार देख लें?"

"अरे, बीवी है मेरी! मुझे नहीं मालूम?"

तबला सुरू झाला, मुनीरनं दोरी सैल केली आणि हळूहळू वर जायची बाई सुर्रकन छताला! पिशव्या विंगेत धाडकन आदळल्या. आम्ही त्या उचलायला गेलो, तर ती विहिरीतल्या बादलीसारखी हिंदकळली.

"हलवू नका!" ती ओरडली.

संपला कार्यक्रम, मला वाटलं. बारा वर्षांनी बाई नाचायला उभी राहिली आणि मी तिला टांगून ठेवली!

पण तिनं डोळे मिटले, हात पसरले. पंख्याच्या वाऱ्यावर पांढरी ओढणी सुटली आणि ती तिथेच, अधांतरी नाचू लागली. पायाखाली जमीन नाही, तरी ताल चुकेना. सिनेमात वायर दिसत नाही म्हणून ते सुंदर दिसतं, असं मी समजत होतो. इथे माझी जाडजूड निळी दोरी शेवटच्या रांगेतूनही दिसत होती, पण दोरीकडे बघतंय कोण! मीसुद्धा तोंड उघडं टाकून अनुराधाकडेच बघत होतो.

टाळ्या थांबेनात. मग मुनीर एकेक पिशवी सोडवत मोठ्यानं मोजू लागला. "पचहत्तर... सत्तर... पैंसठ..." पहिल्या रांगेतल्या बायकाही त्याच्याबरोबर मोजू लागल्या! पंचावन्नला अनुराधा अलगद खाली टेकली.

"किती धरलं होतंत?" तिनं बेल्ट सोडत विचारलं.

"ऐंशी," मी पुटपुटलो.

"तो सिनेमा बघितल्यापासून सहा महिने रोज घरात रियाज करतेय. अठ्ठावन्नवर आले. रोज तुमच्यासमोर बसूनच जेवते ना हो मी?"

मुनीरनं अदबीनं पाठ फिरवली. मीही फिरवणार होतो, तेवढ्यात ती म्हणाली, "आता तरी बघा!"

बघितलं. आणि सांगू का? अख्ख्या मंडळासमोर लाजलो हो मी!