समुद्री घोडा आणि पाणबंद पेटी

सूनबाईच्या मासिकाचे मुखपृष्ठ अजून कोरे होते आणि नेमकी दाढीवाल्याला सर्दी झाली.

सर्दीचा आणि मुखपृष्ठाचा काय संबंध, असे बाहेरच्या माणसाला वाटेल. पण मासिक होते समुद्रात बुड्या मारणाऱ्या हौशी लोकांचे. पाठीवर हवेची टाकी बांधून खाली उतरायचे, माशांचे फोटो काढायचे आणि वर आल्यावर महिनाभर त्यावरच बोलत राहायचे, असा हा पंथ. कुठल्या खडकापाशी काय दिसले, कोणाच्या कॅमेऱ्यात पाणी शिरले, अशा बातम्या सूनबाई घराच्या पुढच्या खोलीत बसून छापत असे. दाढीवाला तिचा हुकमी छायाचित्रकार. आणि चोंदलेल्या नाकाने कोणी बुडी मारत नाही. कानातला दाब सुटत नाही, कान फुटायची वेळ येते.

त्यातून बातमी मोठी होती. जुन्या धक्क्याशेजारी समुद्री घोडा दिसला होता. कित्येक वर्षांत तिकडे कोणी तो पाहिला नव्हता.

"अरे, वाफ घे, गोळ्या घे, काहीतरी कर," सूनबाई फोनवर काकुळतीला आली होती.

"वाफ घेऊन घेऊन दाढीला घाम आलाय," पलीकडून उत्तर आले आणि पाठोपाठ शिंक.

सूनबाईने फोन ठेवला. दारात तिचे सासरे उभे होते. ते कधीपासून उभे होते हे सांगता येत नाही, पण चेहऱ्यावरून सगळे ऐकले होते हे दिसत होते.

"मी जातो की," ते म्हणाले.

सासऱ्यांचे चष्म्यांचे दुकान होते. दुकान मुलाच्या हाती दिल्यावर, लोक बागेत फिरायला लागतात त्या वयात ते बुडी मारायला शिकले. बुडी उत्तम मारत. पण त्यांना फोटोही काढायचे होते, आणि तिथे घोडे अडत होते. आयुष्यभर गावाला चष्मे लावणाऱ्या या गृहस्थांना स्वतःला जवळचे दिसत नसे, आणि पाण्याखाली चष्मा लावता येत नाही. नंबरची काच बसवलेला मास्क मिळतो, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? पण तो घेणे म्हणजे डोळ्यांनी हार खाल्ल्याचे कबूल करणे. तेव्हा कॅमेऱ्याचा पडदा त्यांना नेहमी धुक्यातून दिसे, आणि फोटोही तसेच येत.

दर महिन्याला ते एक फोटो सुनेपुढे ठेवीत. दर महिन्याला सूनबाई तो उभा धरून, आडवा धरून बघे आणि शक्य तितक्या गोड आवाजात म्हणे, "बाबा, यात मासा नेमका कुठाय?" आपल्या नावाचा एक तरी फोटो त्या मासिकात यावा, एवढीच या माणसाची आता इच्छा उरली होती. आणि दार अडवून बसली होती घरचीच सून.

"बाबा, छापखान्यातून सारखे फोन येतायत. संध्याकाळपर्यंत मला फोटो पाहिजे. आणि स्पष्ट पाहिजे."

"स्पष्ट म्हणजे असा स्पष्ट की घोड्याच्या पापण्या मोजशील."

"त्याला पापण्या नसतात."

"बघ, तेवढंसुद्धा दिसेल फोटोत."

दुसरा कोणी नव्हताच. सूनबाईने हात जोडले आणि हो म्हटले. "फक्त फ्लॅश मारू नका. बिचाऱ्याच्या डोळ्यांना त्रास होतो."

सासऱ्यांनी तयारी इतकी मन लावून केली की सगळा घोटाळा त्या मन लावण्यातूनच झाला. पाण्यात न्यायचा कॅमेरा एका जाड, करड्या पाणबंद पेटीत बसवतात. पुढे गोल काच, मागे पडदा बघायला चौकोनी खिडकी. पेटीच्या कडेला रबराची कडी असते. तिच्यावर एक केस जरी राहिला तरी पाणी आत येते आणि कॅमेरा जातो. म्हणून जाणकार लोक आधी रिकामी पेटी बुडवून बघतात. सासऱ्यांनी कॅमेरा काढून जेवणाच्या टेबलावर ठेवला, रबर पुसले, त्याला मलम लावले, पेटी मिटली आणि बादलीत बुडवली. बराच वेळ बादलीशेजारी पाटावर बसून राहिले. पेटी काढून उघडली. आत थेंब नाही. पुन्हा रबर पुसले, पुन्हा मलम लावले आणि कृतार्थ होऊन पेटी मिटली.

"अहो, नावाडी खोळंबलाय, त्याचा माणूस येऊन गेला," बायको स्वयंपाकघरातून ओरडली.

पेटी गळ्यात अडकवून ते निघाले.

बुडी एकट्याने मारायची नसते, जोडीदार लागतो. त्या दिवशी जोडीला दातांच्या डॉक्टरीणबाई होत्या. जमिनीवर दिवसभर लोकांना "तोंड उघडा" म्हणायचे असल्यामुळे, कोणी तोंड उघडू शकत नाही अशा ठिकाणी त्यांना फार बरे वाटे. पाण्यात शिरताच सासऱ्यांची पेटी बुचासारखी वर ओढ घेऊ लागली. एरवी ती हातात निमूट राही. त्यांनी नावाड्याकडून शिशाचा तुकडा मागून पेटीच्या पट्ट्याला बांधला. 'आज खारटपणा जास्त दिसतोय,' असे मनाशी ठरवून ते खाली गेले.

घोडा सापडला. धक्क्याच्या एका जुन्या दोरखंडाला शेपटीचा वेढा घालून तो डुलत होता. सासऱ्यांनी पेटी डोळ्यांपुढे धरली आणि ते बघतच राहिले. पडदा इतका स्वच्छ त्यांना कधीच दिसला नव्हता. धुके नाही, काही नाही. घोड्याच्या अंगावरची एकेक गाठ, इवलासा गोल डोळा, सगळे लख्ख. नजर सुधारली म्हणायची, का इतक्या वर्षांची साधना फळाला आली? त्यांनी पुढून काढले, बाजूने काढले, पार नाक लावून काढले. बटण दाबून दाबून अंगठा दुखायला लागला. डॉक्टरीणबाई पलीकडून हातवारे करत होत्या. या वयातही आपल्याला दाद मिळते आहे असे समजून सासऱ्यांनी पाण्यातच मान लववली.

घरी आल्यावर पेटी लगेच उघडायची नसते. आधी गोड्या पाण्यात भिजत ठेवायची, म्हणजे मीठ सुटते. सासऱ्यांनी ती बादलीत सोडली आणि ते ओल्या केसांनीच सुनेपुढे जाऊन उभे राहिले.

"छापखान्याला सांग, मुखपृष्ठ आलं."

"खरं? आणि दिसतोय ना घोडा?"

"अगं, दिसतोय काय! माझ्याकडे बघून जवळजवळ बोललाच."

त्या आवाजात असा काही विश्वास होता की सूनबाई भुलली. तिने छापखान्याच्या मालकांना फोन केला, बुड्या मारणाऱ्यांच्या मंडळाच्या सगळ्या सभासदांना संदेश पाठवले, "समुद्री घोड्याचा पहिला फोटो, आपल्याच अंकात!" असे जाहीर करून टाकले. शिंकत शिंकत दाढीवाल्याने अभिनंदन कळवले. सासरे जेवायला बसले तेव्हा घोड्याची हकीकत निम्म्या शहराला माहीत झालेली होती.

"आणि मग मी असा खालून गेलो," ते चमचा फिरवत सांगत होते.

"नीट बसा, सांडेल," बायको म्हणाली. "आणि हो, तुमचा कॅमेरा मी कपाटात ठेवलाय. सकाळपासून टेबलावर पडला होता, ताटं कुठे मांडायची मी?"

"कॅमेरा बादलीत आहे."

"कपाटात आहे. मी माझ्या हातांनी ठेवलाय, टॉवेलात गुंडाळून."

"अगं, कॅमेरा बादलीत भिजतोय!"

"मग मी टॉवेलात कोणाला गुंडाळलं?"

चमचा तिथेच थांबला. सूनबाई उठली, कपाट उघडून तिने टॉवेल सोडला. मग न्हाणीघरात जाऊन पेटी आणली आणि टेबलावर उघडली. पेटी आतून अगदी कोरडी होती. चाचणी पूर्ण यशस्वी झाली होती.

"तरीच," सासरे पुटपुटले, "इतकं स्वच्छ दिसत होतं."

ते चष्म्यांचे दुकानदार असल्यामुळे कारण त्यांना तत्काळ उमगले. मागच्या खिडकीतून आणि पुढच्या काचेतून त्यांनी आरपार खराच घोडा पाहिला होता. तो पडद्यापेक्षा हातभर लांब, म्हणून धूसर नव्हता. पण कारण समजल्याने समाधान होतेच असे नाही. त्यांनी ताट सरकवले. सूनबाईने त्या चेहऱ्याकडे एकदा पाहिले आणि छापखान्याला फोन लावायला घेतला.

तेवढ्यात दारावरची घंटा वाजली. डॉक्टरीणबाई आल्या होत्या, जरा ओशाळलेल्या.

"काकांची माफी मागायला आलेय," त्या म्हणाल्या. "माझ्याजवळ आपला छोटा कॅमेरा असतो. मी पलीकडून घोड्याचा फोटो घेत होते आणि काका सारखे मध्ये. किती हात हलवला मी, 'बाजूला व्हा, बाजूला व्हा!' तर यांनी मला नमस्कार केला."

फोटो बघून सूनबाई खुर्चीत बसली. पुढे समुद्री घोडा, काचेच्या भांड्यासारखा नितळ. त्याच्या मागे पेटीची गोल काच, आणि त्या काचेत, जिथे भिंग असायला हवे तिथे, एक भला थोरला, आश्चर्याने विस्फारलेला माणसाचा डोळा. घोडा डोळ्याकडे बघतो आहे आणि डोळा घोड्याकडे.

"मुखपृष्ठ," सूनबाई हलकेच म्हणाली. मग तिला सासऱ्यांची आठवण झाली. "बाबा, तुमचा डोळा आहे. तुम्ही नको म्हणालात तर नाही छापणार. पान कोरं सोडेन."

सासऱ्यांनी चष्मा लावून फोटो पाहिला. पेटी रिकामी आहे, हे शेंबड्या पोरालाही दिसले असते. इतके दिवस ज्या मासिकात यायची वाट बघितली, त्यात यायचे ते असे? त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. सुनेच्या डोळ्यांखालची वर्तुळे मात्र त्यांना चष्म्याशिवायही दिसत होती.

"छाप," ते म्हणाले. "पण डोळा कोणाचा ते लिहू नकोस. आणि पेटीबद्दल चकार शब्द नाही."

"तोंडाला कुलूप," सूनबाई म्हणाली. डॉक्टरीणबाईंनी, सवयीच्या उलट, तोंड मिटून मान डोलावली.

अंक वाटला गेला त्या दिवसापासून फोन थांबेना. हसायला फोन येतील म्हणून सासरे आतल्या खोलीत दडून बसले होते. शेवटी सूनबाई एका फोनला वैतागली आणि रिसीव्हर त्यांच्याच हातात कोंबला.

"साहेब, ती पेटी कुठल्या कंपनीची?" पलीकडचा गृहस्थ विचारत होता. "आतला कॅमेरा दिसतच नाही हो! इतका लहान कॅमेरा निघाला कधी?"

सासऱ्यांनी घसा साफ केला. खोटे बोलायचे नव्हते. "पेटी साधीच आहे," ते म्हणाले. "आत काही ठेवायचं नाही, एवढंच."

"वा!" पलीकडून आवाज आला. "वा, वा! काय कल्पना आहे!"

हौशी माणसांचे असेच असते. दुसऱ्याने केलेली चूक आपल्याला आधी का सुचली नाही, याची त्यांना हळहळ वाटते. अंकाची चर्चा आठवडाभर चालली आणि पुढच्या रविवारी धक्क्यापाशी नावेत जागा उरली नाही. डॉक्टरीणबाई दंतवैद्यांच्या संमेलनाला गेल्या होत्या. सर्दीतून उठलेला दाढीवाला सासऱ्यांच्या जोडीला होता. सासऱ्यांनी घरून निघताना पेटीत कॅमेरा आहे ना हे पाहिले, नावेत पाहिले, पाण्यात पाय सोडल्यावर पुन्हा पाहिले. मान वर केली तर समोर दाढीवाला आपल्या पेटीला शिसे बांधत होता. त्याच्या शेजारचाही बांधत होता. आणि त्याच्या शेजारचाही.

"अरे, हे काय?" सासऱ्यांनी विचारले.

"आज डोळ्याचा फोटो," दाढीवाला खुशीत म्हणाला. "मी घोड्यामागे बसणार."

"आणि काढणार कोण?"

"कोणीतरी असेल की. इतके जण आलोय."

प्रत्येकाचा हिशेब तोच होता. सगळ्यांना डोळा व्हायचे होते. खाली गेल्यावर ते दोरखंडाभोवती गोल करून, रिकाम्या पेट्या डोळ्यांशी धरून, एकमेकांच्या काचांतून एकमेकांचे डोळे बघत तरंगत राहिले. आणि नेमका तेव्हाच घोडा वाकला, पोट आवळून त्याने एक झटका दिला आणि पोटाच्या पिशवीतून धूर निघावा तसा पिलांचा लोट बाहेर पडला. या जातीत पिले नराला होतात. ते घडताना बघायला लोक जन्म घालवतात. शहरातले नामांकित छायाचित्रकार ते हातभर अंतरावरून, रिकाम्या पेट्यांतून, अतिशय स्वच्छ बघत होते.

सासऱ्यांपुढे नेहमीचे धुके होते. त्यात काहीतरी हलत होते. त्यांनी बटण दाबले.

"बाबा, फार धूसर आहे हो," संध्याकाळी सूनबाई म्हणाली.

"दुसऱ्या कोणाचा चांगला आला असेल तर तो घे," सासरे शांतपणे म्हणाले आणि चहा पिऊ लागले.

सूनबाईने फोटो उभा धरला, आडवा धरला. मग तिला हसू फुटले, आणि बातमी ती बातमी, म्हणून तिने तो मुखपृष्ठावर पूर्ण पानभर टाकला.

अंक आला तेव्हा बायकोने तो हातात घेऊन खिडकीपाशी नेला. बराच वेळ लांब धरून, जवळ धरून बघितला.

"अहो, यात घोडा कुठला, पिल्लं कुठली आणि तो दाढीवाला कुठला?"

"वर कशाला बघत बसलीस?" सासरे म्हणाले. "खाली नाव वाच."