शिष्यवृत्तीची म्हैस

नियम लिहावेत तर मीच! हे मी स्वतःच्या तोंडाने सांगतो, कारण दुसरं कोणी सांगेल याची वाट बघण्यात माझी अर्धी नोकरी संपली. नाशिक रोडच्या आमच्या सोसायटीतले पार्किंगचे नियम माझेच. ते लागू झाल्यापासून सोसायटीत कोणी कोणाशी बोलत नाही, पण गाड्या काय सुरेख रांगेत उभ्या असतात!

मी एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवतो. गेल्या वर्षी आमच्याकडे एक घोटाळा झाला. कबड्डीच्या एका पठ्ठ्याने आमची क्रीडा शिष्यवृत्ती घेतली, आमच्या होस्टेलवर वर्षभर जेवला, आणि ऐन स्पर्धेत दुसऱ्याच कॉलेजचा टी-शर्ट घालून आम्हालाच लोळवून गेला. मग प्राचार्य मॅडमनी शिष्यवृत्ती समिती नेमली. अध्यक्ष कोण होणार, असं विचारल्यावर सगळे खिडकीबाहेर बघायला लागले. मी हात वर केला.

असे नियम लिहिले म्हणता! हजेरी किती हवी, नापास झालं तर काय, कोणाकडून खेळायचं, कोणाकडून नाही, सगळं चोख. पण माझा खरा लाडका नियम नववा. 'शिष्यवृत्तीधारक खेळाडूने कॉलेजबाहेरील व्यक्तीकडून रोख रक्कम, वस्तू अथवा अन्य कोणताही लाभ स्वीकारल्यास शिष्यवृत्ती रद्द होईल.' वाचा, पुन्हा वाचा, कुठे नख घालायला जागा सापडते का बघा!

"सर, थोडी फट ठेवा हो कुठेतरी," आमचे खेळाचे दीपक सर म्हणाले. "मुलं आहेत. कधीतरी लागते."

"फट ठेवली की पाल शिरते!" मी म्हणालो. दीपक सरांनी शिट्टी उचलली आणि ते मैदानावर निघून गेले.

या नियमांनुसार पहिली शिष्यवृत्ती मिळाली तेजस्विनी ढोमसेला. निफाडच्या पुढच्या एका गावातली मुलगी, वडील सावळीराम द्राक्षाच्या बागेत राबणारे, आणि हिच्या हातात भाला! तो भाला ती अशी फेकायची की पलीकडे फुटबॉल खेळणारी मुलं खेळ थांबवून बाजूला व्हायची. शिष्यवृत्तीत फी, होस्टेल आणि मेसचं जेवण मिळायचं. शिष्यवृत्ती गेली की होस्टेल सुटणार, होस्टेल सुटलं की सकाळचा सराव सुटणार. गावाहून रोज यायचं म्हटलं तर एसटीचा कंडक्टर भाल्याला बघूनच बेल मारायचा. एकदा त्याने तिला 'हा टपावर टाक, नाहीतर तू तरी खाली उतर' असं सुनावलं होतं. थोडक्यात, शिष्यवृत्ती होती तोवर भाला होता.

तर या तेजस्विनीने आंतरविद्यापीठ स्पर्धेत सुवर्णपदक आणलं. दुसऱ्याच दिवशी ती स्टाफरूमच्या दारात उभी.

"सर, गावाने सत्कार ठेवलाय. शाल, नारळ आणि अजून काय काय देणार म्हणतात. घेतला तर चालेल का?"

"गाव म्हणजे कॉलेजबाहेरील व्यक्ती," मी म्हणालो. "शाल म्हणजे वस्तू."

"मग जाऊच नको का?"

"गेली नाहीस तर गावाला राग येईल. तू जा, पण कशालाही हात लावायचा नाही. बाकी मी बघतो. मी स्वतः येतो आणि गावाला समजावून सांगतो!"

"सर, आमच्या गावाला समजावणं जरा..." ती अडखळली.

"अगं, मी लोकशाही शिकवतो!"

तिने माझ्याकडे जरा काळजीने बघितलं, पण विद्यार्थी शिक्षकाला किती सांगणार!

गावात पोहोचलो तर वेशीपासून रांगोळ्या. शाळेच्या पटांगणात मांडव, स्पीकर आणि झाडून सगळं गाव. सरपंच साळूबाई स्वतः पुढे आल्या. वय साठीच्या पुढे, आवाज मात्र माइकची गरज नसलेला.

"या सर, या! प्रमुख पाहुणे तुम्हीच!"

"सरपंचताई, एक विनंती आहे," मी त्यांना बाजूला घेतलं. "तेजस्विनीला काहीही देऊ नका. खरंच काही नको."

साळूबाई गोड हसल्या. हे हसू मी ओळखायला हवं होतं! आपल्याकडे पाहुणा पोळी नको म्हणाला की वाढणारी बाई दोन वाढते, आणि ताटावर हात आडवा धरला तर बोटांच्या फटीतून तूप सोडते. 'नको' याचा अर्थ 'नको' असा असतो हे उभ्या तालुक्यात कोणी मानत नाही. राज्यशास्त्राच्या पुस्तकात हे नसतं.

साळूबाई मागे वळून कुजबुजल्या, पण ती कुजबुज पाण्याच्या टाकीपर्यंत ऐकू गेली. "सर नको म्हनत्यात! शाल हलकी दिसली असंल. भारीतली काढा!"

भारीतली शाल आली. आता गावाकडची रीत अशी की सत्काराची प्रत्येक वस्तू आधी प्रमुख पाहुण्यांच्या हातात देतात आणि मग पाहुण्यांच्या हस्ते सत्कारमूर्तीला. इथे मला एक नामी युक्ती सुचली. वस्तू हातात घ्यायची आणि पुढे द्यायचीच नाही! शाल मी घेतली आणि काखेत मारली. नारळ घेतला आणि कवटाळून धरला. तेजस्विनी दोन्ही हात पाठीमागे बांधून कवायतीला उभी राहावी तशी उभी. मांडवात चुळबुळ सुरू झाली.

"सर देईनात का वो?" कोणीतरी विचारलं.

"कमी पडलं असंल," दुसऱ्याने उत्तर दिलं.

लगेच तुपाचा डबा आला. मी म्हणालो, "नको हो!" तर पैठणी आली. मी म्हणालो, "अहो, खरंच नको!" तर कोणाची तरी नवी सायकल घंटी वाजवत आली. माझ्या हाताला कळ लागली, हनुवटीखाली नारळ अडकला, आणि मी ठरवलं की आता माइकवरून एकदाच सगळं स्पष्ट सांगून टाकायचं.

"ग्रामस्थहो!" मी सुरुवात केली. "या मुलीला शाल देऊन काय होणार? नारळ देऊन काय होणार? सायकल देऊन काय होणार?"

मांडव शांत झाला. मला वाटलं, चला, पोचतंय!

"तिला गरज आहे शिक्षणाची! सरावाची! रोजच्या सकस खुराकाची! आणि ते..."

'ते सगळं कॉलेज देतंय, ते टिकवायचं असेल तर काही देऊ नका,' असं माझं पुढचं वाक्य होतं. पण 'खुराकाची' या शब्दावर टाळ्यांचा असा कडकडाट झाला की वाक्य माझ्याच घशात राहिलं. पहिल्या रांगेतून गावातले सगळ्यात वडीलधारे पुंजाबाबा काठी टेकत उठले.

"सर बोलले ते शंभर टक्के खरं हाय!" ते म्हणाले. "शाल पांघरून भाला लांब जातो व्हय? पोरीला दूध पायजे! माझी मुऱ्हा म्हैस आजपासून पोरीची!"

"नको!" मी ओरडलो.

हे ओरडायला नको होतं. पुंजाबाबांचे डोळे भरून आले. "पघा! मास्तर असून किती मन मोठं! आरं, आना म्हैस!"

म्हैस आली. शिंगांना रंग, गळ्यात झेंडूची माळ. कोणीतरी दोर माझ्या हातात दिला, कोणीतरी डोक्यावर फेटा चढवला, आणि सगळे मोबाइल एकदम वर गेले. म्हशीने माझ्याकडे बघितलं, मी म्हशीकडे. मग तिला काय वाटलं कोण जाणे, ती मला घेऊन मांडवाबाहेर निघाली. दोर सोडावा हे मला पाण्याच्या टाकीजवळ सुचलं.

त्या रात्री तो फोटो आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर आला. खाली मथळा: 'प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते तेजस्विनीला म्हैस भेट!' साठ जणांनी त्याखाली अंगठे टाकले. प्राचार्य मॅडमनी टाकला नाही.

सकाळी समितीची बैठक. मॅडम, दीपक सर आणि मी. दाराशी तेजस्विनी.

"नियम नऊ वाचा," मॅडम म्हणाल्या. मी वाचला. इतका निर्दोष नियम वाचताना इतका त्रास मला पूर्वी कधी झाला नव्हता.

"सर, म्हैस काही वस्तू नाही," दीपक सरांनी प्रयत्न केला. "सजीव आहे."

"पुढे 'अन्य कोणताही लाभ' असं आहे," मी म्हणालो.

"कोणी लिहिलं हे?" दीपक सर वैतागले.

"मीच."

"मॅडम, गावाचं प्रेम आहे हो ते!" दीपक सर मॅडमकडे वळले.

"प्रेम चालेल," मॅडम म्हणाल्या. "सोबत म्हैस चालणार नाही. सर, तुम्हीच अध्यक्ष, तुम्हीच सांगा. शिष्यवृत्ती रद्द करायची ना?"

मी माझ्या नियमात फट शोधत होतो. वरून शोधली, खालून शोधली. नव्हती! समोर ती मुलगी उभी होती. रडत नव्हती, विनवत नव्हती, नुसती माझ्याकडे बघत होती.

"मॅडम, तो फोटो जरा मोठा करून बघाल का?" तेजस्विनी म्हणाली. "माझे हात बघा. सर म्हणाले होते कशाला हात लावू नको. मी नाही लावला. नारळाला पण नाही."

मॅडमनी फोटो मोठा केला. खरंच, तिचे हात शेवटपर्यंत पाठीमागे! आणि शाल माझ्या काखेत, पैठणी माझ्या खांद्यावर, तूप माझ्या कुशीत, दोर माझ्या मुठीत.

"म्हणजे हिने काही स्वीकारलंच नाही!" दीपक सर खुर्चीतून उठलेच.

"मग स्वीकारलं कोणी?" मॅडमनी विचारलं.

तिघंही माझ्याकडे बघायला लागले. खरं सांगतो, मला लाज वाटली. माझा नियम पाळला तो या पोरीने, आणि भर मांडवात फेटा बांधून मोडला तो मी!

"मी स्वीकारलं," मी म्हणालो. "म्हैस माझी आहे."

तेजस्विनीची शिष्यवृत्ती वाचली. माझं अध्यक्षपद गेलं, ते दीपक सरांकडे आलं. मॅडमनी मला सगळं परत करायला सांगितलं, म्हणून मी लगेच साळूबाईंना फोन लावला.

"दिलेलं माघारी घ्यायचं?" त्या कडाडल्या. "गावाला अब्रू हाय का नाय? म्हैस तुमची म्हनता तर तुमची! ऱ्हाईल पुंजाबाबांच्या गोठ्यात. दूध रोज भाजीच्या गाडीवर धाडते!"

शाल आणि नारळ गावच्या मारुतीला गेले, सायकल आणि पैठणी ज्यांची त्यांना कशीबशी पोचवली, तुपाचा डबा शाळेच्या पोषण आहारात गेला. दूध मात्र यायला लागलं. आमच्या घरात माणसं दोन! बायकोने, हर्षालीने, आधी दही लावलं, मग खवा केला, मग बासुंदी केली. आठवड्याभरात माझी पॅन्ट कमरेला बसेना.

"ज्या पोरीसाठी आलंय तिला नेऊन द्या की!" ती शेवटी वैतागून म्हणाली.

"बाहेरच्या व्यक्तीकडून लाभ घेता येत नाही तिला!"

"तुम्ही बाहेरचे आहात का?"

मी तसाच दीपक सरांकडे गेलो. नव्या अध्यक्षांनी नियम नऊ वाचला, गालातल्या गालात हसले आणि म्हणाले, "'कॉलेजबाहेरील व्यक्ती'. तुम्ही तर कॉलेजातले, सर. खुशाल द्या! आणि बरं का, मला पण एवढी चांगली फट ठेवता आली नसती."

तेव्हापासून रोज सकाळी मी स्कूटरला किटली अडकवून होस्टेलच्या फाटकावर जातो. फाटकावरचा वॉचमन बुधा मला लांबून बघतो आणि आत तोंड करून ओरडतो, "ताई, दूधवाले आले!" मी त्याला दोनदा सांगितलं की मी प्राध्यापक आहे. तो म्हणतो, "असू द्या की, सर."

काल तेजस्विनीने तिथेच उभ्याने पेला संपवला. पुढच्या आठवड्यात तिची राष्ट्रीय स्पर्धा आहे. मी म्हटलं, आता आभाराचे दोन शब्द येतील. आपण नको म्हणायचं, ती आग्रह करेल. मी चेहरा तयार ठेवला.

"सर," ती ओठ पुसत म्हणाली, "दूध पातळ आहे."

हर्षाली चहापुरतं काढून घेते आणि तेवढंच पाणी घालते, हे मला ठाऊक होतं. मी घसा साफ केला. "असेल जरा. म्हशीने पाणी जास्त प्यायलं असेल."

"सर, मी शेतकऱ्याची मुलगी आहे," ती पेला विसळत म्हणाली. "उद्या नीट आणा. आणि जरा लवकर या, माझा सराव असतो."

मी "बरं ताई" म्हणालो आणि रिकामी किटली घेऊन पहिल्या तासाला गेलो.