तलवारीला ब्रेक नसतो

माणूस किती सभ्य आहे, हे त्याच्या हाती तलवार दिल्यावरच कळतं. मास्तरांच्या हाती ती आली, तेव्हा सभ्यपणा त्यांच्या पार हाडापर्यंत उतरल्याचं निदर्शनास आलं.

मास्तर ड्रायव्हिंग स्कूल चालवायचे. गावातली निम्मी माणसं त्यांच्याच शेजारी बसून ब्रेक मारायला शिकलेली. फावल्या वेळात मास्तर, त्यांचे थोरले बंधू आणि बंधूंच्या ऑफिसातली मंडळी संगणकावर एक खेळ खेळत. जुन्या काळातला किल्ला, दोन सैन्यं, आणि ज्याला जो सापडेल त्याने त्याला कापायचं, इतकी सुटसुटीत नियमावली. दाराशी गर्दी झाली की मास्तर थांबून समोरच्याला आधी जाऊ देत. समोरचा शत्रू असे. अंगावर वार आला की तो तलवारीने अडवण्याऐवजी टेबलाखाली त्यांचा पाय ब्रेक शोधे.

थोरल्यांनी मास्तरांच्या मृत्यूंचं वर्गीकरण केलं. सर्वाधिक मृत्यू वाट दिल्याने, त्याखालोखाल घाबरून सगळी बटणं एकदम दाबल्याने, उरलेले किरकोळ. स्वपक्षाची हानी हे सदर वेगळं होतं (त्यात थोरले स्वतः दोनदा होते).

थोरले विमा कंपनीत दावे नामंजूर करायचे, त्यामुळे भाषा तयारच होती. पलीकडच्या खोलीतून मास्तरांच्या फोनवर संदेश आला : ‘आपल्या आजवरच्या सेवेची योग्य ती नोंद घेऊन आपणांस राखीव दलात वर्ग करण्यात येत आहे.’ राखीव दलात मास्तर एकटेच होते. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. लहानपणी दादाच्या संघात ते सगळ्यात शेवटी का होईना, पण घेतले जात. बाहेर बसायची ही पहिलीच वेळ.

हे वहिनींच्या लक्षात आलं. वहिनी पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त काढायच्या आणि तिथल्या मैत्रिणींसोबत हाच खेळ खेळायच्या. घरात कोणी विचारलं नव्हतं, म्हणून त्यांनी सांगितलं नव्हतं. त्यांनी दिराला शेजारी बसवलं.

“भाऊजी, तलवारीकडे बघू नका. खांद्याकडे बघा. खांदा हलल्याशिवाय वार येत नाही.”

पुढचं प्रशिक्षण शास्त्रशुद्ध झालं. आपला वार हुकला की लगेच दुसरा घालायचा नाही. पाऊलभर मागे सरायचं आणि समोरच्याला हुकू द्यायचं. बटणं बडवायची नाहीत. (नवशिका तिन्ही पेडल एकदम दाबतो तेव्हा आपण त्याला काय म्हणतो, हे मास्तरांना आठवलं. ते इथे छापण्यासारखं नाही.) मग हूल. वार डावीकडून उचलायचा, शत्रूने ढाल तिकडे नेली की मध्येच सोडून उजवीकडून घालायचा. हा धडा वहिनींना अगदी सोपा गेला, कारण पेशंटला ‘तिकडे खिडकीत बघा’ म्हणत इकडे सुई टोचण्यात त्यांची हयात चालली होती.

मास्तरांची प्रगती झपाट्याने झाली, किंबहुना थोडी जास्तच. उजवा सिग्नल देऊन डावीकडे कसं वळावं, हे ते शिकाऊ मंडळींना दाखवू लागले, तेव्हा ड्रायव्हिंग स्कूलच्या भिंतीवर ‘हूल फक्त किल्ल्यात’ अशी सूचना लावावी लागली.

त्यांनी पुनर्नियुक्तीसाठी अर्ज केला. थोरल्यांनी तो विचाराधीन ठेवला. वहिनींनी अर्ज न मागताच त्यांना आपल्या गटात घेतलं, आणि रविवारी दुपारी दोन्ही गटांची गाठ पडली.

किल्ल्याच्या चौकात दोघे भाऊ समोरासमोर आले. घरचा मामला आहे, कोणी मध्ये पडायचं नाही, असं थोरल्यांनी आपल्या लोकांना बजावलं. ऑफिसातली मंडळी गोल करून उभी राहिली. थोरल्यांनी दणादण वार घातले. मास्तर खांद्याकडे बघत मागे मागे सरत राहिले. टेबलाखाली पाय स्वस्थ होता. शेवटी थोरल्यांचा एक वार हुकला. मास्तरांनी डावीकडून तलवार उचलली, थोरल्यांची ढाल आज्ञाधारकपणे तिकडे गेली, आणि त्यांचं शिरस्त्राण डोक्यासकट पायऱ्यांवरून घरंगळत खाली आलं.

पलीकडच्या खोलीचं दार उघडलं. मग थोरले हेडफोन गळ्यात घेऊन दारात आले.

“मला वाटलं, तू वाट देशील.”

“मलाही तसंच वाटलं होतं, दादा,” मास्तर म्हणाले.

थोरल्यांनी खुर्ची ओढली, शेजारी बसले आणि ते मघाचं पुन्हा, जरा सावकाश करून दाखव, म्हणाले.

दाखवायला चौकात एखादा शत्रू हवा होता. पण चौकात फक्त वहिनी आणि लॅबमधल्या मैत्रिणी उभ्या होत्या. गोल करून उभी असलेली मंडळी झुंज बघता बघता पाठीमागून एकेक करून कापली गेली होती. कोणी हूं की चूं केलं नव्हतं. उलट शेजारचा कमी झाल्यावर आता नीट दिसतंय, याचं उरलेल्यांना समाधानच वाटलं होतं.

थोरल्यांनी रीतसर चौकशी केली. मृत्यूचं कारण : दुसऱ्यांची भांडणं बघत उभे राहणे. मृतांची यादी मात्र अपुरी निघाली. एवढा वेळ ही झुंज टक लावून वाचणारं आणखी एक जण होतं, आणि त्यांचीही पाठ उघडीच होती. त्यांनी कृपया एकदा मागे वळून बघावं. गॅसवर दूध ठेवलं असेल, तर त्याचा निकाल केव्हाच लागला आहे.