रोजचा हयातीचा दाखला

"अरे, गॅरेजमध्ये माणूस आहे! माणूस आहे!"

मेधाची ही किंकाळी इतकी खणखणीत होती की टेकडीवरच्या सगळ्या पवनचक्क्या क्षणभर थबकल्या, असं मी अख्ख्या पामर्स्टन नॉर्थला शपथेवर सांगायला तयार आहे. हातातला झारा घेऊन मी तसाच धावलो. जुलैतली संध्याकाळ, पाच वाजताच अंधारलेलं. गॅरेजमध्ये माझी बायको गाडीच्या दाराला पाठ टेकून उभी, आणि तिच्यापासून हातभर अंतरावर काळोखाहून जेमतेम फिकट असा एक मनुष्याकार.

"घाबरू नका," मनुष्याकार म्हणाला. "आहे हं मी. शेजारच्या घरात राहायला आलोय. एक सही हवी होती."

मी झारा उगारला आणि भक्कन दिवा लागला. आता हा आमच्या गॅरेजमधला दिवा मांजर गेलं तरी लागतो. वाऱ्यानं पाचोळा आत आला तरी लागतो. पण हा गृहस्थ रस्त्यापासून चालत येऊन मेधाच्या शेजारी उभा राहिला, तरी दिव्याला पत्ता नव्हता.

"मला नाही लागत दिवे," ते शांतपणे म्हणाले. "नोंद असावी."

हे दत्तात्रय विनायक खरवंडीकर. वय चौसष्ट, मूळचे संगमनेरचे, लग्न "राहून गेलेले". चव्वेचाळीसाव्या वर्षी न्यूझीलंडला आले, माउंट वेलिंग्टनच्या एका गोदामात सहा वर्षं माल पाठवण्याचं काम केलं आणि बरोब्बर पन्नाशीला मज्जातंतूंच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळले. डॉक्टर त्या दुखण्याला मालगाडीएवढं लांब नाव देतात. काका नुसतं "माझं ते" म्हणतात. तेव्हापासून सरकारी आजारपणाच्या भत्त्यावर आहेत. 'माझं ते'मुळे त्यांचं पाऊल जमिनीवरून उचलतच नाही, ते सरकतं. आवाज म्हणून नाही. चेहऱ्यावरची रेघ हलत नाही. आणि वेग इतका कमी, की हालचाल ओळखणाऱ्या कुठल्याही यंत्राला ते दिसत नाहीत. सुपरमार्केटचं आपोआप उघडणारं दार त्यांच्यासाठी उघडत नाही. ते तिथे उभे राहतात, दुसरं कुणी आलं की त्याच्या पाठोपाठ आत सरकतात. पुढचा माणूस सहज मागे वळतो आणि हातातली अंडी टाकतो. त्या दुकानात अशी डझनभर अंडी तरी मी स्वतः पुसलेली पाहिली आहेत.

त्या दिवशी त्यांनी पुढे केलेला कागद असा होता: "दाखला देण्यात येतो की श्री. द. वि. खरवंडीकर हे आज रोजी हयात असून न्यूझीलंड देशात वास्तव्यास आहेत. त्यांना मी समक्ष पाहिले."

"काका, हयातीचा दाखला वर्षातून एकदा देतात. तोही पेन्शन चालू झाल्यावर, आणि तोही आपल्याकडे," मी म्हटलं.

"वर्षातून एकदा म्हणजे मोघम झालं. मधले तीनशे चौसष्ट दिवस कुठे होतात, विचारलं तर?"

त्यांची भीती अशी. पासष्टीला इथलं सरकारी पेन्शन मिळतं. त्यासाठी विशीनंतरची ठरावीक वर्षं या देशात राहिलेलं असावं लागतं, आणि त्यांतली निदान पाच पन्नाशीनंतरची. काकांची पन्नाशीनंतरची यच्चयावत वर्षं आजारपणात गेलेली. "काम नाही, पगार नाही, वर्गणी नाही. म्हणजे सेवाखंड!" हा शब्द ते असा उच्चारायचे की मला थेट कडेलोट दिसायचा. "चौदा वर्षं खोडली की उरलं काय? पासष्टीच्या दिवशी भत्ता बंद, पेन्शन नाही. मग मी कोण?"

सेवाखंडात परदेशप्रवासाची भर नको म्हणून चौदा वर्षांत ते एक दिवस देशाबाहेर गेले नाहीत. भाचीचं लग्न त्यांनी फेटा बांधून, फोन भिंतीला टेकवून, कुंपणाशी उभ्यानं लावलं. अक्षता आमच्या गाडीवर पडल्या.

तर रोज संध्याकाळी पाचला सही. पुढे त्यांनी कुंपणाला खिळा मारून एक क्लिपबोर्ड टांगला. मी दुधाच्या भुकटीची प्रयोगशाळा आटोपून यायचो, पलीकडून "आहे हं मी" असं यायचं, मी हात करायचो, ते हात करायचे, मी सही करायचो. आमच्या सईनं त्यांचं नाव घोस्ट अंकल ठेवलं. "बाबा, घोस्ट अंकल इज वेटिंग," ती खिडकीतून ओरडायची. मेधा तिला दटावायची आणि स्वतः हळूच पडदा ओढून घ्यायची.

मग तो धुक्याचा गुरुवार आला.

धुकं असं की मला माझ्याच गाडीचं नाक दिसेना. कुंपणापाशी गेलो. पलीकडे काका नेहमीच्या जागी उभे. "आहे हं मी" ऐकू आलं नाही. धुक्यानं गिळलं असेल. मी हात केला. त्यांनी हात केला. मी सही ठोकली आणि आत येऊन भजी खाल्ली.

शुक्रवारी मेधा फार्मसीतल्या कामावरून आली ती पांढरीफटक. "अरे, खरवंडीकरकाका हॉस्पिटलमध्ये आहेत. आत्ता त्यांच्या गोळ्या माझ्याच हातून गेल्या. बुधवारी दुपारी नेलं त्यांना."

"छे! काल संध्याकाळी मी स्वतः..."

"बुधवारी दुपारी, असं हॉस्पिटलच्या चिठ्ठीवर लिहिलंय."

"मेधा, त्यांनी हात केला मला."

"कुणी?" तिनं विचारलं.

मी गोष्टी फुगवून सांगतो, हे मला मान्य आहे. पवनचक्क्या थांबल्या नव्हत्या, अंडीही डझनभर नव्हती. पण तो हात वर झाला होता. दुसऱ्या दिवशी उजेडात त्या जागी जाऊन पाहिलं. ना झाड, ना खांब, ना वाळत घातलेला शर्ट. नुसतं गवत, आणि माणूस वर्षभर एकाच ठिकाणी उभा राहिला की पडतो तसा त्यात पडलेला एक खळगा.

आठवड्यानं काका परतले. गुरुवारची सही बघून ते घाबरतील असं मला वाटलं होतं. घाबरलेच, पण भलत्याच कारणानं.

"पेंडसेसाहेब, घात केलात! एक माणूस एकाच दिवशी दोन ठिकाणी हजर! दोन्ही बाद करतात. मग म्हणतील, बाकीचे दिवस तरी खरे कशावरून?"

"पण काका, मी पाहिलं तुम्हाला."

"असेन मी. त्याबद्दल वाद नाही," ते म्हणाले. "पण त्यांना काय सांगायचं?"

पासष्टीला दोन महिने उरले होते. म्हणून मीच त्यांना गाडीत घातलं आणि पेन्शनच्या सरकारी कचेरीत घेऊन निघालो. मांडीवर कागदांचा गठ्ठा, दोरीनं बांधलेला. वाटेत ते आपणहून बोलले. असं ते कधी करत नसत.

"पाटबंधारे खात्यात आस्थापना शाखेत होतो मी. गणपत नावाचा शिपाई होता. छातीच्या दुखण्यानं अडीच वर्षं घरी. डॉक्टरचा कागद वेळेत आला नाही. ती अडीच वर्षं सेवापुस्तकात मीच खोडली. लाल शाईनं. नियम होता."

"मग?"

"पेन्शनला सात महिने कमी पडले. रोज पाचच्या सुमाराला यायचा. टेबलासमोर उभा राहायचा. भांडला नाही, रडला नाही. मी मान वर केली नाही कधी. पुढे तो वारला."

मी हीटर वाढवला.

"त्यानंतरही पाचला टेबलासमोर कुणीतरी उभं असायचं," काका म्हणाले. "तेव्हाही मी वर बघितलं नाही. बदली होऊन गेलो."

कचेरीच्या काचेच्या दाराला काका दिसले नाहीत. मी मागून दोन्ही हात नाचवले तेव्हा ते उघडलं. काउंटरवर केसात फूल खोवलेल्या एक ऐसपैस बाई होत्या. "किया ओरा!" त्यांनी माओरीत नमस्कार केला, आणि काकांनी गठ्ठा त्यांच्यापुढे असा ठेवला जसा कबुलीजबाब ठेवतात.

बाईंनी दोन-चार कागद उलटले. मी इंग्रजीत मजकूर सांगितला.

"पण हे मेलेत असं कुणी म्हटलंय का?" त्यांनी विचारलं.

मग त्यांनी संगणकात पाहिलं, बराच वेळ. काका डोळ्यांची पापणी न हलवता उभे. शेवटी बाई म्हणाल्या, "पगारावर होते की आजारपणाच्या भत्त्यावर, पेन्शनसाठी आम्ही ते बघतच नाही. इथे राहत होते की नाही, एवढंच. पन्नाशीनंतरची पाच वर्षं हवीत, यांची चौदा आहेत. हीप्स! चिक्कार झाली!"

"पुरावा?" काकांच्या तोंडून शब्द कसाबसा निघाला.

"दर वेळी डॉक्टरचा कागद पाठवत होता ना तुम्ही? ते सगळे आहेत इथे. तुमच्या एवढी चोख नोंद माझ्याकडे धडधाकट माणसांची नाही."

मी घसा खाकरून गुरुवारचा घोटाळा सांगितला. बाईंनी खांदे उडवले. "हॉस्पिटल न्यूझीलंडमध्येच आहे ना? आणि कुंपण? मग झालं."

"नो ब्रेक?" काकांनी विचारलं.

"नो ब्रेक, डार्लिंग."

संध्याकाळी पाहिलं तर कुंपणावरचा क्लिपबोर्ड काढलेला, खिळासुद्धा उपटून नेलेला. मला हुश्श वाटलं. खोटं कशाला बोलू, पार्टी करावी इतकं हुश्श वाटलं.

दुसऱ्या दिवशी पाचला मी कचऱ्याचा डबा बाहेर ढकलत होतो. मानेवरचे केस उभे राहिले म्हणून वळलो. काका कुंपणापलीकडे उभे होते, त्याच खळग्यात. हातात कागद नाही, पेन नाही.

"काय हो काका!" मी जरा मोठ्यानंच ओरडलो. "आता कसली सही? झालं की सगळं! चौदाच्या चौदा वर्षं धरली त्यांनी!"

"सही नको," काका म्हणाले. "नुसतं बघा."