झिपरूआप्पांची भिंत

झिपरूआप्पांच्या घरी साधं वांग्याचं भरीत करायचं असलं तरी त्याला सूचक आणि अनुमोदक लागायचा. तुम्हाला वाटेल, मी फेकतोय. मी स्वतः त्या भरताला दोनदा अनुमोदन दिलेलं आहे.

आप्पा ओसरीवर खुर्चीत बसलेले असायचे. आतून त्यांची बायको, आमच्या मथुराकाकू, विचारायच्या, "भरीत करू का दायगंडोरी?" आप्पा माझ्याकडे वळून म्हणायचे, "भरीतनी सूचना ऊनी शे. अनुमोदन?" मी हात वर करायचो. "विरोध?" आत भांडं आपटायचं. "विरोध नही. मंजूर!" आणि ताटात दायगंडोरी, म्हणजे हिरव्या मिरचीची घोटलेली डाळ, यायची. आप्पा ती मुकाट्याने खायचे.

मी मूळचा नाशिककडचा. तळोद्याहून बैलगाडीने अर्ध्या दिवसाच्या वाटेवरच्या या गावात मुन्शिपालटीचा हेडक्लार्क म्हणून आलो, तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं आणि आप्पा प्रेसिडेंट होते. गावात दोन पार्ट्या. दोघींनाही दुसरीचा माणूस नको होता, म्हणून आप्पा निवडून आले. आप्पांची मात्र ठाम समजूत, की आख्ख्या गावाने आपल्याला डोक्यावर घेतलंय.

त्यांनी एक काळा कोट शिवून घेतला. भर वैशाखात धोतरावर तो कोट घालून, घामाने निथळत, ते गल्लोगल्ली गटारं बघत फिरायचे. सभेत कागदी मराठी बोलायचे, राग आला की अहिराणीवर घसरायचे. एकदा धुळ्याहून कलेक्टरसाहेब आले. साहेबाच्या घोड्याने लोकांच्या पिण्याच्या हौदात तोंड घातलं. मामलेदारसुद्धा दुसरीकडे बघू लागले. आप्पा पुढे होऊन म्हणाले, "साहेब, हाऊ मानसेस्ना हौद शे. घोडाना तथा शे," आणि पलीकडे बोट दाखवलं. साहेबाने निमूट लगाम ओढला. आता असा माणूस प्रेसिडेंट म्हणून टिकेल कसा, तुम्हीच सांगा!

त्यांना बुडवलं ते बारवेने. गावाच्या मधोमध पायऱ्यांची जुनी बारव होती. बाया त्या पायऱ्या उतरून पाण्यात पाय बुडवून घागरी भरायच्या. त्यातून नारू पसरायचा. नारू ज्यांनी पाहिला नाही ते नशीबवान. पाण्यातून पोटात गेलेला किडा वर्षभराने पायातून दोऱ्यासारखा बाहेर निघतो, आणि तोच पाय बारवेत बुडाला की पाण्यात पिल्लं सोडतो. तो ओढताना तुटला तर पाय कायमचा जायचा. सरकारी डॉक्टर सांगून गेला, की पायऱ्या बंद करा, पाणी वरून रहाटाने ओढा. आप्पांनी ठराव केला, आठवडाभरात पायऱ्यांच्या तोंडाशी भिंत घातली.

गाव पेटलं. बायांच्या हातांना फोड आले, ते एक वेळ ठीक. पण श्रावणात इकडे खानदेशात कानबाई बसते. नागपंचमीनंतरच्या रविवारी नारळाला साज चढवून देवी मांडायची, सोमवारी सकाळी डोक्यावर घेऊन वाजतगाजत पाण्यावर न्यायची. आमच्या गावची कानबाई पिढ्यान्‌पिढ्या बारवेच्या पायऱ्या उतरायची. "झिपऱ्याने देवीनी वाट अडाई!" झालं. पुढच्या निवडणुकीत आप्पांना भाऊबंदांनीसुद्धा मत दिलं नाही. दोन वर्षं बाया नाइलाजाने कानबाईला नदीवर नेत होत्या, कोसभर चालत आणि वाटभर आप्पांना शिव्या घालत.

तिसऱ्या श्रावणात नव्या बोर्डाने ठरवलं, की कानबाईच्या सोमवारी सकाळी भिंत फोडायची. गाव खूश.

आणि निवडणूक हरल्यापासून कचेरीची पायरी न चढलेले आप्पा माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. कोट नव्हता. मी खुर्ची दिली, बसले नाहीत.

"भाऊ, अर्ज लिखी दे. भित फोडू नका म्हनीसन."

"आप्पा, कोण ऐकणार?"

"लिख, की मन्ही बायकोना पाय मन्हामुये गया."

मी लेखणी खाली ठेवली. मथुराकाकूंचा उजवा पाय गुडघ्यात आखडलेला होता, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. तो नारूने गेला, हेही ठाऊक होतं. आप्पा खिडकीबाहेर बघत सांगू लागले. प्रेसिडेंट व्हायच्या आधीची गोष्ट. काकू तापाने पडल्या होत्या. काकू पाणी चौपदरी फडक्याने गाळल्याशिवाय घरात घेत नसत. त्या दिवसांत पाणी आप्पांनी आणलं. "घागर मीच आणेल व्हती. पानी गायेल नव्हतं. बायकास्नं काम म्हनीसन लाज वाटनी. कोनी देखाना पहिले घागर भरी आनी आनि तिले पाजी दिन्ही. वरीसभरमा नारू निंघना."

"काकूंना माहीत आहे?"

"नही. गाव मन्हं ऐकत नही, भाऊ. मन्ही चूक तरी ऐकी."

मी लिहिलं. आपली एकही चूक सभेच्या मिनिटबुकात येता कामा नये म्हणून माझ्याशी तासतासभर भांडलेल्या त्या माणसाने खाली ठसठशीत सही केली.

शनिवारच्या सभेत मी अर्ज वाचला. कुणी हसलं, कुणी म्हणालं, ही घरची भानगड इथे कशाला? "वाचला, फाईल करावा." संध्याकाळपर्यंत गोष्ट गावभर झाली. आप्पा कचेरीच्या ओट्यावर बसून होते. घरी जायला धजत नव्हते. मला खरंच वाईट वाटलं. शेवटी मीच त्यांना हाताला धरून घरी नेलं.

मथुराकाकू दारातच बसल्या होत्या. आप्पा अंगणात खाली मान घालून उभे.

"अर्ज दिन्हा म्हने तुम्ही," काकू म्हणाल्या. "माले काय मालूम नव्हतं? त्या पानीमा कचरा दिखत व्हता. तुम्ही पहिल्यांदा मन्हासाठे पानी आनेल, म्हनीसन मी पी गऊ."

आप्पांना रडू फुटलं. मी उगाच विडी शोधत गल्लीत आलो.

सोमवारी सकाळी गवंडी पहारी घेऊन भिंतीपाशी उभे होते. बाया कानबाई घेऊन, गाणी म्हणत बारवेकडे निघाल्या. सर्वांत पुढे मथुराकाकू होत्या. पाय गेल्यापासून त्यांनी कानबाई डोक्यावर घेतली नव्हती; आज घेतली होती. त्या बारवेपाशी आल्या, भिंतीसमोर क्षणभर थांबल्या, आणि नदीच्या रस्त्याला वळल्या. ज्या बाईच्या डोक्यावर कानबाई, तिच्या मागे बाकीच्या जातात, असा रिवाज. आणि पाय ओढत, अनवाणी, कोसभर निघालेल्या त्या बाईला "पाय दुखतात, भिंत फोडा" असं म्हणायचं तोंड कुणाला होतं? वरात वळली. गवंडी तासभर वाट बघून घरी गेले. भिंतीचा विषय पुन्हा कधी सभेपुढे आला नाही.

मी मागून चालत होतो. आप्पा कुठे दिसेनात. बायांच्या गर्दीतून वाट काढत पुढे गेलो, तेव्हा दिसले. काकूंच्या चार पावलं पुढे, कमरेत वाकून, उलटे चालत, आप्पा दोन्ही हातांनी रस्त्यावरचे खडे बाजूला करत होते.